टेकूवरचं घर

३ डिसेंबर

आणि वर दादा मलाच म्हणतो, थापीच धरायची होती तर आटपाडीत काय वाईट होतं. त्याला कोण सांगणार की तिथं थापी तू माझ्या हातात कधी दिलीच नाहीस. माल मी कालवायचा, विटा मी भिजवायच्या, आणि भिंत उभी राहिली की लोक म्हणणार, रत्नाकर गवंड्याचं काम. आजही फोनवर तेच. पुण्याचं गॅरेज सोडलंस, हॉटेल सोडलंस, झाशीला तात्यांच्या दुकानात गेलास, तेही सोडलंस. आता हे किती दिवस? मी म्हटलं, घर पुरं होईपर्यंत. तो म्हणाला, "बघू." त्याचं ते 'बघू' मला शिवीपेक्षा लागतं. नंतर विचारतो, जेवलास का. एवढं बोलून झाल्यावर जेवलास का. मी फोन कट केला.

ही डायरी काकाजींनी दिली. मागच्या सालातली आहे, बँकेची, कोरी राहिलेली. विटा किती आल्या, वाळू किती आली ते लिहीत जा म्हणाले. ते मी भिंतीवर कोळशानं लिहितो. इथं दिवसभर हिंदी बोलून जीभ सुजते, म्हणून हे लिहितोय. आठवीतून शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, मला लागतं तेवढं.

काकाजी भेटले तो किस्सा लिहून ठेवतो. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या दुकानांवर देशभर पसरलीत, तसे तात्या इथं झाशीला. मी त्यांच्याकडं भट्टीवर. ॲसिडच्या वासानं एक दिवस डोकं फिरलं आणि तात्यांना शिव्या घालत दुकानातून बाहेर पडलो. माणिक चौकात मागून कुणीतरी विचारलं, "आपण दक्षिणेतले का?" वळून बघितलं तर पांढरी टोपी, हातात भाजीची पिशवी. मी म्हटलं, नाही हो, मी मद्रासी नाही, सांगलीकडचा. ते म्हणाले, तेच ते, दक्षिण. यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडं आले. तेव्हापासून आमच्या सगळ्या मुलखाला हे दक्षिणच म्हणतात. मधुसूदनराव त्यांचं नाव. रेल्वेतून रिटायर झालेत. गवंडीकाम येतं का विचारलं. मी येतं म्हणालो.

६ डिसेंबर

घर असं आहे की आत शिरलं की मागच्या दारापर्यंत सरळच जायचं, बाजूला कुठं सरायला जागा नाही. हात पसरले की बोटं दोन्ही भिंतींना लागायला थोडीच कमी पडतात. डावीकडचं घर, उजवीकडचं घर, सगळी ओळ खांद्याला खांदा लावून उभी. भिंती साझ्याच्या, म्हणजे अर्धी यांची, अर्धी शेजाऱ्याची. माजघरात दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो. वर दोन मजले. सगळ्यात वरच्या खोलीत सिमेंटची पोती आणि मी.

काम असं: मागची पत्र्याची पडवी पाडायची, मागची भिंत खालून मोकळी करायची, तिथं लोखंडी गर्डर घालायचा आणि परसात काचेच्या छताची नवी खोली काढायची. म्हणजे उजेड थेट माजघरात. नकाशा त्यांच्या मुलानं, आशुतोषनं, पुण्याहून पाठवलाय. रंगीत आहे. त्यात एक बाई काचेखाली उभी राहून फळं कापतेय. काकू म्हणाल्या, ही कोण? आमच्याकडे तर कुणी नाही अशी.

आज एक फजिती झाली. उजव्या घरावर पाटी, 'खरे'. मी खूश, म्हटलं शेजारी पण आपला माणूस. सकाळी दारात दिसले तसा म्हणालो, "नमस्कार खरेकाका, मूळचे कुठले?" ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "भैया, हिंदी में कहो।" ते कायस्थ. इथं खरे त्यांच्यातही असतात. काकाजी हसून हसून खोकले.

१० डिसेंबर

काकूंना दारापुढं बसायला कट्टा पाहिजे. चहावाल्याला सहज म्हटलं की काकाजी को कट्टा चाहिए, अच्छा मजबूत, अगले महिने मैं ही बना के दूँगा. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. बाकीची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मग हळूच वाकून म्हणाला, "पंडितजी को किससे खतरा है?" इकडं कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. आणि परसराम म्हणतो सिमेंटच्या पोत्यालाही कट्टाच. परसराम माझा मजूर, समथरचा. माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा आणि मला उस्ताद म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी मागं बघितलं, कुणाला म्हणतोय म्हणून.

तसं इथं मी सारखाच मागं बघतो. इकडच्या बोलीत एकमेकांना हाक मारतात, "काय भैया". बाजारात मागून कुणी 'काय' म्हटलं की मान वळतेच. माझ्यासाठी नसतं ते.

१५ डिसेंबर

भिंत टेकूंवर घेतली. मागच्या भिंतीत भोकं पाडून आडव्या बल्ल्या, म्हणजे जाड वासे, घातल्या, खाली दोन्हीकडून उभे टेकू, टेकूच्या बुडाला लाकडी पाचरी. मग खालच्या विटा काढायला घेतल्या. आता वरच्या दोन मजल्यांची मागची भिंत त्या लाकडांवर उभी आहे. वर काकाजी-काकू झोपतात. त्याच्या वर मी.

पाचरी रोज सकाळी ठोकून बघाव्या लागतात. लाकूड दबतं, गल्लीतून ट्रॅक्टर गेला की हलतं. आवाजावर कळतं, घट्ट आहे का बोदा. मी उठल्या उठल्या तेच करतो, तोंड नंतर धुतो. काकू म्हणतात, तुझ्या ठकठकीनं आम्हांस जाग येते, आता घड्याळ नको.

संध्याकाळी आशुतोषदादांचा व्हिडिओ कॉल. काकूंनी फोन टेकूंसमोर धरला. ते म्हणाले, ओके, ओके, टाइल्सचा फोटो पाठवलाय तो बघा. काकू म्हणाल्या, तुला सर्दी झाली आहे का? तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला. काकू फोन तसाच धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, टाइल्स चांगल्या आहेत.

मला जेवायला खालीच बोलावतात. काकूंना माझी बोली ऐकायला गंमत वाटते. 'लई' म्हटलं की पुन्हा म्हण म्हणतात. मी काय तमाशा आहे? तरी म्हणतो.

१८ डिसेंबर

वाट लागली.

गर्डरचं टोक बसवायला उजव्या भिंतीत खाच पाडत होतो. एवढी जुनी भिंत, हातभर जाड असणार असं धरून चाललो. छिन्नी लावली, घण मारला, तिसऱ्या घावाला पलीकडं उजेड. आणि काहीतरी फुटल्याचा आवाज. पलीकडं खरे जींच्या भिंतीत नेमका तिथंच कोनाडा, त्यात त्यांचा आरसा, आणि ते दाढी करत होते. आरसा पडला आणि आरशाच्या जागी माझं तोंड. त्यांच्या अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल कापलेला. दोघंही एकमेकांकडं बघतोय. ते म्हणाले, "जो का कर दओ तुमने?"

नंतर जो आरडाओरडा झाला तो सगळी ओळ ऐकत होती. साझ्याची भिंत, विचारलं का, पोलीस चौकीत जाईन, नगर निगममध्ये जाईन, माझ्या भिंतीत एक खिळा ठोकू देणार नाही, गर्डर तर लांब. काकाजी हात जोडून उभे. दोघांचं पावसाळी पन्हाळीवरून आधीच बोलणं बंद होतं, हे मला आज कळलं.

भिंत आधी वाजवून बघायची असते. दादा प्रत्येक भिंतीला कान लावून हातोडीच्या दांड्यानं वाजवायचा, तेव्हा मी त्याची नक्कल करून पोरांना हसवायचो.

२२ डिसेंबर

काम बंद. परसराम समथरला गेला, काम सुरू झालं की फोन करा उस्ताद म्हणाला. मी सकाळी पाचरी ठोकतो आणि दिवसभर बसतो. खाचेत पोतं कोंबलंय, त्यातून पलीकडचा रेडिओ ऐकू येतो. खरे जी खोकले की मी श्वास धरतो. आशुतोषदादा म्हणाले वकिलाशी बोलतो, तोवर कुणी काही करू नका. आणि टेकू? टेकू काय वकिलाची वाट बघणार?

धुकं एवढं की परसातलं बोरीचं झाडही दिसत नाही.

२४ डिसेंबर

आज कानांनी ऐकलं. मी पायऱ्यांवर होतो, ते माजघरात. काकू म्हणाल्या, "राजीनामा करून टाका एकदाचा. त्या पोरास किती दिवस टांगून ठेवायचं?" काकाजी म्हणाले, "सगळ्या ओळीसमोरच होऊन जाऊ दे. म्हणजे खरे जींचंही समाधान."

म्हणजे मला काढून शेजाऱ्याला खूश करायचं ठरलं. आणि वर काकाजी मला येऊन सांगतात, अगदी गोड, "उद्या दहा वाजता राजीनामा आहे. कपडे जरा बरे घाल. मग तू मोकळा."

मोकळा. बरे कपडे घालून. सगळ्या ओळीसमोर मान खाली घालून उभा राहायचं आणि मग मोकळा. मला नोकरी कधी होती म्हणून राजीनामा द्यायचा? सरळ जा म्हणायचं. काकू तर आज मेथीचे पराठे करून वाढत होत्या. खाल्ले मी. आता वाटतं नको होते खायला.

दादाचं 'बघू' खरं होणार.

२५ डिसेंबर

उजाडायच्या आत निघालो. कुणी काढायच्या आधी आपण गेलेलं बरं. घण, हातोडी, थापी, ओळंबा, सगळं पोत्यात भरलं. पाचरी ठोकल्या तेवढ्या. जरा हळूच ठोकल्या, जाग येऊ नये म्हणून.

बबीन्याची बस मिळाली. छावणीच्या बाहेर एका मिलिटरी सामानाच्या दुकानात फरशी बसवायचं काम चालू होतं, तिथं लागलो. काकाजींचे फोन येतात, मी उचलत नाही. मालक नाव विचारत नाही, 'ए' म्हणतो. बरं आहे. कुणाचं काही लागत नाही.

२७ डिसेंबर

आज भाजीवाल्यापाशी एक बाई फोनवर बोलत होती, "अगं शेपू मिळाली बाई एकदाची." फौजीची बायको असणार. साताऱ्याकडची वाटली बोलण्यावरून. मी भाजी घ्यायची सोडून तिच्या मागं मागं चाललो, नुसतं ऐकत. शेपू कशी करणार, नवऱ्याला आवडत नाही, पोरगा खातो. क्वार्टरच्या गेटपाशी तिनं वळून बघितलं आणि पदर घट्ट धरून भरभर आत गेली. मी काय दिसत असेन तिला. सिमेंटनं भरलेला, दाढी वाढलेला. तिथंच उभा राहिलो. गेटवरच्या जवानानं हटकलं तेव्हा निघालो.

सुनीतावहिनीचा फोन आला होता. दादा परसात एक खोली काढतोय. दादानंच विचारायला सांगितलं होतं की खिडकी पूर्वेला ठेवू की उत्तरेला. मी म्हटलं, त्याचं घर, त्याला पाहिजे तिथं ठेवू दे, मला काय विचारतो? वहिनी म्हणाली, बरं सांगते.

पाचरी आज कुणी ठोकल्या नसतील. कालही नसतील.

२८ डिसेंबर

फरशी बसवताना लक्ष नव्हतं, दोन वाकड्या बसल्या. मालक बोलला. रस्त्यानं मिलिटरीचा मोठा ट्रक गेला, दुकान हललं, आणि मी उठून भिंतीला हात लावून बघितला. त्या गल्लीत ट्रक जात नाही म्हणा. ट्रॅक्टर जातो.

काकूंचा पलंग बरोबर त्या भिंतीला लागून आहे.

२९ डिसेंबर

पहिल्या बसनं गेलो. ठरवलं होतं की कुणाशी बोलायचं नाही. मागच्या बोळातून परसात शिरायचं, पाचरी ठोकायच्या, टेकू बघायचे आणि परत. दुसरी माणसं लावा अशी चिठ्ठी ठेवायची.

धुक्यात परसात पोचलो तर आतून ठकठक. बघतो तर काकाजी माकडटोपी घालून बॅटरी धरून उभे, आणि खाली पाटावर बसून खरे जी खलबत्त्यातल्या बत्त्यानं पाचर ठोकतायत. उलट्या बाजूनं. सैल करत होते. मी ओरडलो, बत्ता हातातून ओढला, हातोडी काढली आणि सरळ बाजूनं मारत सुटलो. एकेक टेकू. दोन तर बोदेच झाले होते. सगळे घट्ट झाल्यावर घाम फुटला, एवढ्या थंडीत.

खरे जी म्हणाले, "आ गए उस्ताद? इत्ते दिना से तुमाई लकड़ियाँ हम ठोक रए।"

काकाजी रागावले होते. त्यांना रागावलेलं मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "राजीनाम्यास तूच नाहीस. खरे जी कोट घालून बसून राहिले. काही पद्धत असते की नाही?"

मी म्हटलं, "काढायचं होतं तर असंच काढायचं. सगळ्यांसमोर राजीनामा कशाला घ्यायचा?"

"काढायचं? काय काढायचं?"

"मला. कामावरून."

काकाजींनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली, मग खाली केली. खरे जींना मराठी कळत नाही. त्यांनी विचारलं, का कै रओ? काकाजींनी सांगितलं. खरे जी पाटावरच मागं भिंतीला टेकले आणि हसायला लागले. म्हणाले, "अरे पगले, राजी होने का नाम राजीनामा।"

काकाजींनी मग मला समजावलं, पोराला समजावतात तसं. दोन्ही बाजू राजी झाल्या, भांडण मिटलं, तो राजीनामा. नोकरी सोडतात तो इस्तीफा. इकडं कोर्टातसुद्धा असंच म्हणतात. तुमच्या दक्षिणेत काय उलटंच आहे का सगळं?

मी म्हटलं, आमच्यात राजीनामा म्हणजे सोडून जाणं.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, कधीपासून कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "मग तुझा देऊन झालाच होता की."

मी चहा घेतला. सांगितलं की मी पाचरींसाठी आलो होतो. काकू म्हणाल्या, "बरं. पाचरींसाठी." मग म्हणाल्या, रोज दोन पोळ्या जास्त होत होत्या, सवय मोडत नाही. पोळ्या मोजून का नाही करत, कळत नाही.

राजीनामा लगेच झाला, तिथंच, टेकूंमध्ये उभं राहून. खरे जींच्या अटी: कोनाडा पहिल्यापेक्षा खोल करून द्यायचा, गर्डरचं टोक त्यांच्या बाजूनं दिसता कामा नये, आणि पन्हाळी काकाजींनी आपल्याकडं वळवायची. पन्हाळीवर काकाजी जरा अडले. मी म्हटलं, मी वळवून देतो, माझ्याकडून. झालं. दोघांनी हात मिळवले. कोट नव्हता कुणाच्या अंगात.

२ जानेवारी

परसरामला बोलावलं. उजव्या भिंतीत कोनाड्याच्या बाजूला खाच घेतली. आधी वाजवून बघितली, कान लावून, वरपासून खालपर्यंत. परसराम हसला. हसू दे.

खरे जी दर तासाला येऊन बघतात. पाटीवरनं माझी फजिती झाली होती ती ते आता सगळ्या गल्लीला सांगतात, आणि मला 'खरेकाका' म्हणूनच हाक मारायला लावतात.

७ जानेवारी

गर्डर बसला. लोहाराची माणसं आणि आम्ही मिळून चढवला. दोन दिवस सांधे भरून वाळू दिले, आज टेकू काढले. एकेक पाचर सोडताना मी बाकीच्यांना लांब उभं केलं. शेवटचा टेकू निघाला आणि काही झालं नाही. भिंत होती तिथंच. काकाजी म्हणाले, आता सकाळी जाग कशी यायची?

माजघरात ऊन आलं. काचा अजून लागायच्या आहेत पण ऊन आलं. काकू त्यात जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढं करून, शेकोटीला धरतात तसे. मग मला विचारलं, नव्या खोलीत पलंगाशी दिव्याचं बटण कोणत्या हाताला पाहिजे? मी म्हटलं, नकाशात पलंग नाहीच, तिथं स्वयंपाकाचा ओटा आहे, फळं कापायचा. त्या म्हणाल्या, "नकाशा पुण्यास आहे." म्हाताऱ्या माणसांचं असंच, ऐन वेळी बदलतात. मी आपला उजव्या हाताला म्हणालो. मी उजव्या कुशीवर झोपतो, तेवढंच डोक्यात आलं.

दादाला मीच फोन केला. गर्डर घातला सांगितलं. लेव्हल बघितली का, विचारलं. बघितली. दोन्ही टोकं? दोन्ही. तिकडं कुत्री भुंकत होती, त्यांना त्यानं हाकललं. मग म्हणाला, "मी अजून कधी गर्डर घातलेला नाही." मला आधी टोमणा वाटला. मग वाटलं नसेल.

विचारलं, तुझी खोली कुठवर आली. म्हणाला, भिंती झाल्या, स्लॅब राहिलाय, बघू. पैसे पाहिजेत का विचारलं तर नको म्हणाला, तुझं तुला ठेव, नवी रजई घे, तिकडं थंडी असते. त्याला एवढी खोली कशाला लागते कुणास ठाऊक. पोरं दोन, तीही अजून वहिनीजवळच झोपतात. पण स्लॅबविना भिंती उघड्या ठेवणं चांगलं नाही, वरून ओल धरतात.

जेवलास का, असं आज मी विचारलं. तो हो म्हणाला. मग तूही जेव म्हणाला.

रजई काकूंनी दिलीय. उद्या सकाळी चौकात जाऊन दादाच्या खात्यावर पाठवतो, स्लॅबसाठी: अकरा हजार.